महात्मा फुले मंडई व परिसरातील बाजारपेठ (पुणे)

हा लेख पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडई आणि तिच्याभोवतीच्या बाजारपेठेविषयी आहे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटलाही महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले आहे. ती वास्तू वेगळी.

महात्मा फुले मंडई ही पुणे शहराच्या जुन्या भागातील भाजीपाला व फळांची सार्वजनिक बाजारवास्तू आहे. इ.स. १८८६ मध्ये ती 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. तिच्या आसपास तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, बोहरी आळी, तपकीर गल्ली, सोन्या मारुती चौकातील सराफी पेढ्या आणि अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने अशी बाजारपेठ उभी राहिली. विसाव्या शतकात बराच काळ पुणे शहर आणि जिल्हा यांची मुख्य खरेदी याच चौरस मैलाच्या आत होत असे. १९७० नंतर घाऊक व्यापार येथून हलला, रहिवासी उपनगरांकडे गेले, रस्ते वाहनांनी भरले आणि बाजारपेठेचे स्वरूप पालटले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखालून भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून या भागाच्या पुनरुज्जीवनाची चर्चा नव्याने होऊ लागली आहे.

मंडईपूर्वीचा बाजार

पुण्यातील पेठा या मुळात व्यापारासाठीच वसवलेल्या वस्त्या होत्या. पेठ वसवताना सावकार, वाणी, उदमी आणि कारागीर यांना जागा व सवलती देऊन बोलावले जाई, आणि एकेका व्यवसायाची एकेक आळी तयार होई. तांबट आळी, बोहरी आळी, कापडगंज ही नावे त्याच व्यवस्थेची खूण होत. 'गंज' हा शब्द घाऊक मालाच्या बाजाराला लावला जाई. मराठवाड्यातील वाचकाला तो लातूरच्या गंजगोलाईमुळे परिचित असेल.

भाजीबाजाराला मात्र स्वतंत्र वास्तू नव्हती. एकोणिसाव्या शतकात तो शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. आसपासच्या गावांतील माळी व कुणबी डोक्यावरून किंवा बैलगाडीतून माल आणत, जमिनीवर पथारी पसरत आणि ऊन चढण्याच्या आत विकून परतत. पावसाळ्यात चिखल होई आणि नासक्या मालाचे ढीग साचत. नगरपालिकेने नव्या मंडईचा प्रस्ताव आणला, त्यामागे शहराच्या आरोग्याची चिंता हे एक मोठे कारण होते.

जोतीराव फुले यांचा विरोध

जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. मंडईसाठी मोठी रक्कम खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. भव्य इमारतीवर होणारा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. बहुतेक सदस्य प्रस्तावाच्या बाजूने असल्याने विरोधाचा उपयोग झाला नाही.

हा विरोध बाजाराविषयीच्या अज्ञानातून आलेला नव्हता, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. फुले यांच्या घराण्यात फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय होता. शेतकऱ्याचा माल शहरात येतो तेव्हा त्याच्या हाती काय पडते आणि मधल्या मधे काय गळते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. 'शेतकऱ्याचा असूड' हा त्यांचा ग्रंथ १८८३ चा, म्हणजे मंडईच्या वादाच्या लगतच्या काळातला आहे. सार्वजनिक पैसा खर्च होतो तेव्हा त्याचा लाभ अखेर कोणाला मिळतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नामांतर 'महात्मा फुले मंडई' असे झाले. ज्या वास्तूच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला, तीच त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. यात विसंगती दिसते हे खरे. तथापि मंडईत बसणारे बहुसंख्य विक्रेते ज्या समाजांतून आले, त्यांच्या दृष्टीने ते नाव तेथे असणे अगदी स्वाभाविक होते.

वास्तू आणि तिचा भरभराटीचा काळ

मंडईसाठी शुक्रवार पेठेतील खासगीवाले घराण्याची जागा घेण्यात आली. बांधकामाचे काम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव वास्तूला देण्यात आले. मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून चक्राच्या आऱ्यांप्रमाणे निघालेली दालने अशी तिची रचना आहे. दालनांना भिंतींऐवजी कमानी आहेत, त्यामुळे वारा सर्व बाजूंनी खेळता राहतो. उन्हाळ्यात पालेभाजी टिकवण्याची ही विजेवाचूनची व्यवस्था होती. ग्राहक कोणत्याही बाजूने आत शिरू शकतो आणि फिरत फिरत मध्यभागी पोहोचतो. एकाही विक्रेत्याची जागा पार मागे पडत नाही. आधुनिक दुकानसंकुलांची आखणी करणाऱ्यांनीही या रचनेकडे पाहावे अशी ती आहे.

मनोऱ्याच्या वरच्या भागात काही काळ औद्योगिक संग्रहालय होते. तेच पुढे घोले रस्त्यावर गेले आणि आज महात्मा फुले संग्रहालय म्हणून ओळखले जाते. नगरपालिकेचे कामकाजही काही वर्षे मंडईतून चालत असे. खाली भाजीचा भाव, वर शहराचा कारभार, असा तो योग होता.

मंडई केवळ विक्रीचे ठिकाण राहिली नाही. येथील अखिल मंडई मंडळाचा गणेशोत्सव १८९४ पासूनचा असून 'शारदा गजानन' ही त्याची मूर्ती प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण २२ जुलै १९२४ रोजी मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते येथे झाले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीचा आरंभ आजही या पुतळ्यापासून होतो आणि ती लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेकडे जाते. परिसरात होणाऱ्या सभा आणि कट्ट्यावरच्या राजकीय चर्चा यांमुळे 'मंडई विद्यापीठ' हे विनोदी, पण आदराचे नाव रूढ झाले. निवडणुकीत वारे कोणत्या दिशेचे आहे हे पाहण्यासाठी पत्रकार मंडईत येत.

भोवतालच्या पेठा

मंडईला लागून असलेली तुळशीबाग ही नावाप्रमाणे एके काळी बाग होती. नारो अप्पाजी खिरे (तुळशीबागवाले) यांनी पेशवेकाळात तेथे राममंदिर बांधले. मंदिराच्या आवारात आणि भोवती देवपूजेचे साहित्य, तांब्यापितळेची भांडी, बांगड्या, खेळणी, संसारोपयोगी वस्तू यांची छोटी दुकाने जमली. लग्न ठरले की रुखवताचे सामान तुळशीबागेतून, साड्या लक्ष्मी रस्त्यावरून, दागिने सोन्या मारुती चौकातून, वाणसामान रविवार पेठेतून आणि भाजी मंडईतून, असा पुणे जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचा क्रम होता. हे सर्व एका दिवसात, पायी चालत आटोपे. या बाजारपेठेचे खरे सामर्थ्य याच जवळिकीत होते. कोणतेही एक दुकान फार मोठे नव्हते, परंतु एका कामासाठी आलेला माणूस चार दुकानांचे गिऱ्हाईक होऊन जाई.

लक्ष्मी रस्ता हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाट वस्तीतून काढण्यात आला. त्याचे नाव दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या नावावरून पडले असे मानले जाते. अप्पा बळवंत चौकात शालेय आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके, तपकीर गल्लीत विजेची उपकरणे, बोहरी आळीत लोखंडी सामान, दोर, कागद आणि आवेष्टनाचे साहित्य, अशी विभागणी आजही टिकून आहे. मुरूम, उमरगा किंवा तुळजापूरहून पुण्याला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याची या बाजाराशी पहिली ओळख बहुधा अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेताना होते.

घाऊक व्यापाराचे स्थलांतर

बाजारपेठेच्या ऱ्हासाची चर्चा सहसा मॉलपासून सुरू होते. पुण्याच्या बाबतीत आरंभ त्याच्या कितीतरी आधी झाला. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विनियमन) अधिनियम १९६३ मध्ये संमत झाला. त्यानुसार शेतमालाची घाऊक खरेदी-विक्री बाजार समितीच्या ठरावीक आवारात, उघड लिलावाने होणे आवश्यक ठरले. अरुंद पेठांत मालमोटारींना वळायलाही जागा नव्हती. त्यामुळे १९७० नंतरच्या काळात घाऊक भुसार बाजार आणि फळे व भाजीपाला टप्प्याटप्प्याने गुलटेकडी येथील मार्केट यार्डात गेले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल आवश्यक होता. धाराशिव जिल्ह्यात मुरूमसारख्या गावी तूर, हरभरा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला बाजार समितीतील उघड लिलावाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वजन आणि भाव सर्वांसमोर ठरणे ही लहान सुधारणा नव्हे. पेठेचे मात्र त्यामुळे नुकसान झाले. घाऊक बाजाराबरोबर हमाल, तोलणार, अडत्यांच्या पेढ्या, खानावळी, गोणपाटवाले, हातगाडीवाले आणि बाहेरगावचे किरकोळ व्यापारी हे सारे हलले. बाहेरगावचा व्यापारी पहाटे माल घेतल्यावर दुपारी घरासाठी कापड आणि भांडी घेत असे. ती खरेदीही त्याच्यासोबत गेली. मंडईतील विक्रेता पूर्वी दारात आलेला माल घेत असे. आता त्याला पहाटे गुलटेकडीला जाऊन माल आणावा लागतो आणि टेम्पोचे भाडे भावात मिळवावे लागते. मंडईतली भाजी स्वस्त असते हा लौकिक तेव्हापासून कमी होऊ लागला.

जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले आणि शेतकरी गट पुण्याच्या उपनगरांत, मैदानात किंवा सोसायट्यांच्या जवळ थेट विक्री करू लागले. खेड्यातला आठवडी बाजार अशा रीतीने शहराच्या कडेला अवतरला. ग्राहकाला तो सोयीचा झाला, शेतकऱ्यालाही बरा भाव मिळू लागला. मंडईत येण्याचे आणखी एक कारण मात्र संपले.

वस्ती हलली

मंडईचे नित्याचे गिऱ्हाईक म्हणजे पेठांतील वाड्यांत राहणारी कुटुंबे. रोज पिशवी घेऊन येणे, ओळखीच्या बाईकडून भाजी घेणे, कोथिंबिरीची काडी वर मागून घेणे हा त्यांचा परिपाठ होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो घरे गेली. पूरग्रस्तांसाठी शहराच्या दक्षिणेस व पश्चिमेस नव्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथून पुढे शहराची वाढ सतत बाहेरच्या दिशेने होत राहिली. १९५१ मध्ये पुणे शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात ३१ लाख २४ हजार लोक होते. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये लगतची गावे महापालिकेत आली आणि तिचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेले. इतक्या पसरलेल्या शहरात एकच मध्यवर्ती बाजार पुरणे शक्यच नव्हते.

पेठांतील वाडे मोडकळीस येण्यामागे भाडेनियंत्रणाचाही मोठा भाग आहे. मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ मध्ये आला. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण जुन्या दराने गोठलेल्या भाड्यातून मालकाला कौले बदलणेही परवडेना. वाडे खचत गेले आणि बिल्डरांकडे गेले. नव्या इमारतींत खालचे मजले दुकानांना आणि गोदामांना मिळाले. राहणारे कमी झाले. परंतु याच कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पागडीच्या गाळ्यात नाममात्र भाड्याने चालणारी कित्येक छोटी दुकाने केवळ त्या संरक्षणामुळे टिकली. बाजारभावाने भाडे द्यावे लागले असते, तर बांगड्यांचे किंवा लोकरीचे दुकान लक्ष्मी रस्त्यालगत कधीच उरले नसते. एकाच कायद्याने वाडे पाडले आणि दुकाने राखली.

वाहने आणि चित्रपटगृहे

पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. सायकल कोणत्याही बोळात भिंतीला टेकवून ठेवता येते. स्कूटरी आणि नंतर मोटारी आल्या तसा पेठांचा रस्ता अपुरा पडू लागला. एकेरी वाहतूक, सम-विषम तारखांचे पार्किंग असे उपाय झाले; गिऱ्हाईकाला मात्र दुकानापेक्षा गाडी लावण्याच्या जागेचा शोध अधिक वेळ घेऊ लागला.

या बदलाची सर्वांत स्पष्ट खूण मंडईजवळच आहे. पुण्यातील पहिल्या स्थायी चित्रपटगृहांपैकी एक असलेले आर्यन चित्रपटगृह १९१५ पासून येथे होते. ते १९८३ मध्ये बंद झाले. त्याच्या आणि मिनर्व्हा चित्रपटगृहाच्या जागी आज वाहनतळ आहेत. चित्रपट सुटल्यावर बाहेर पडणारा शेकडोंचा लोंढा चहाच्या टपऱ्या, फळवाले आणि गजरेवाल्या यांचे पोट भरत असे. वाहनतळातून बाहेर पडणारा माणूस त्यांच्याकडे क्वचितच वळतो. बाजारासाठी जागा करताना बाजारात येण्याचे एक कारणच काढून टाकले गेले, असे या व्यवहाराचे वर्णन करता येईल.

नवी दुकाने

२०११ च्या सुमारास विमाननगर आणि हडपसर भागांत मोठे मॉल सुरू झाले. लक्ष्मी रस्त्यावरील नामांकित सराफ व वस्त्रव्यापारी यांनीही उपनगरांत शाखा काढल्या. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी, जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर आणि मार्च २०२० पासूनची टाळेबंदी ही तीन वळणे रोखीवर चालणाऱ्या छोट्या व्यापाराला लागोपाठ सोसावी लागली. टाळेबंदीत पेठांचा बराच भाग प्रतिबंधित क्षेत्रात होता. त्याच महिन्यांत भाजी घरपोच मागवण्याची सवय अनेक कुटुंबांना लागली आणि ती पुढेही राहिली.

ऱ्हास म्हणजे नेमके काय?

मंडई परिसरात रविवारी गेलेल्या माणसाला ऱ्हास हा शब्द पटणार नाही. तुळशीबागेत खांद्याला खांदा लागतो, दिवाळीत आणि लग्नसराईत लक्ष्मी रस्त्यावर चालणे कठीण होते. तेव्हा येथील ऱ्हास हा ओस पडण्याचा नाही. सोलापुरात कापड गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या पगारावर चालणाऱ्या बाजाराचा आधारच सुटला, तसे पुण्यात झालेले नाही.

येथे बदलली ती खरेदीची जात. रोजच्या गरजेचा बाजार हळूहळू सणासुदीचा आणि हौसेचा बाजार झाला. मंगळवारी सकाळी पाव किलो गवार घेणारे गिऱ्हाईक कमी झाले. रविवारी कानातली आणि पिशव्या पाहत फिरणारे वाढले. नकली दागिन्यांच्या दुकानाला हे चालते, पण पालेभाजी रविवारची वाट पाहत नाही. त्यामुळे गर्दी तीच दिसत असली, तरी तिच्यात नाशवंत माल विकणाऱ्याचे दिवस कठीण होत गेले. पुढची पिढी गाळ्यावर बसण्यापेक्षा नोकरी पसंत करते. ओट्यांवरील विक्रेत्यांत वृद्धांचे प्रमाण जास्त दिसते ते त्यामुळेच.

दुसरा तणाव दुकानदार आणि पथारीवाले यांच्यात आहे. दुकानदाराच्या मते पथारी त्याचे दार अडवते. पथारीवाल्याच्या मते गर्दी त्याच्या स्वस्त मालामुळेच येते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ ने पथारीवाल्याला प्रमाणपत्र व ठरावीक जागा यांचा हक्क दिला, परंतु अरुंद पेठेत ती जागा कोठे आखायची हा प्रश्न प्रत्येक कारवाईनंतर नव्याने उभा राहतो.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले आणि पदपथ रुंद झाल्याने व्यापार बुडत नाही, हे शहराला प्रत्यक्ष पाहता आले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर वाहने बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा झाला आणि पुढील वर्षांतही त्याच तारखेला तो होत राहिला. रस्त्यावर मुले खेळतात, वृद्ध मध्यभागी खुर्ची टाकून बसतात, असे दृश्य त्या दिवशी दिसते. वर्षातील एक दिवस हा प्रयोगापेक्षा उत्सव अधिक आहे. व्यापाऱ्यांची बारमाही वाहनबंदीविषयीची भीती त्याने दूर होईल असे मानणे घाईचे ठरेल.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. या टप्प्यावर कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही स्थानके आहेत. कामाच्या वर्षांत मंडईभोवतीची जागा पत्र्यांनी वेढलेली होती आणि विक्रेत्यांनी त्याचा मोठा त्रास सोसला. आता पिंपरी-चिंचवडचा माणूस गाडी न काढता मंडईच्या दारात उतरू शकतो. पार्किंगवर पन्नास वर्षे न मिळालेले उत्तर या एका स्थानकाने निदान काही गिऱ्हाइकांपुरते दिले आहे. स्थानकातून बाहेर पडल्यावर मोकळा, सावलीचा आणि अडथळ्यांवाचूनचा पदपथ मिळाला, तरच तो माणूस पुन्हा येईल. हे काम मेट्रोचे नसून महापालिकेचे आहे, आणि ते अधिक चिवट आहे.

इतर शहरांचे अनुभव

घाऊक बाजार शहराबाहेर गेल्यावर जुन्या वास्तूचे काय करायचे, हा प्रश्न पुण्यापुरता नाही. पॅरिसमधील ले आल हा मध्यवर्ती बाजार १९६९ मध्ये रुंजीस येथे हलवण्यात आला आणि त्याची लोखंड व काचेची दालने १९७१ पासून पाडण्यात आली. पुढे तेथे भुयारी दुकानसंकुल झाले; पाडलेल्या दालनांची हळहळ पॅरिसकरांना अजून आहे. लंडनचा कॉव्हेंट गार्डन हा फळभाजीचा बाजार १९७४ मध्ये नाईन एल्म्स भागात गेला. तेथे नागरिकांच्या विरोधामुळे वास्तू वाचली आणि १९८० मध्ये दुकाने व उपाहारगृहांसाठी खुली झाली. आज ती पर्यटकांनी गजबजलेली असते, पण बटाटा घ्यायला तेथे कोणी जात नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून घाऊक फळबाजार १९९६ मध्ये वाशीला गेला. १८६९ ची वास्तू मात्र किरकोळ बाजार म्हणून चालू राहिली.

वाहनबंदीचे अनुभवही संमिश्र आहेत. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला गेला आणि तो यशस्वी ठरला. अमेरिकेत कालामाझू शहराने १९५९ मध्ये असाच प्रयोग केला. मध्यवस्तीतले लोक उपनगरांत गेले होते, म्हणून रस्ता ओस पडला आणि १९९८ मध्ये वाहने परत आणावी लागली. दोन्ही रस्ते सुंदरच होते. फरक जवळपास राहणाऱ्या आणि पायी येऊ शकणाऱ्या माणसांचा होता. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा भाग नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. तेथे सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. घाऊक व्यापाराची पेठ आणि पादचारी रस्ता एकत्र नांदू शकतात का, याची पुण्याला सर्वांत जवळची कसोटी तीच आहे.

मराठवाड्यात लातूरची गंजगोलाई ही मंडईची सख्खी भावंड म्हणावी अशी रचना आहे. १९१७ मधील ही वर्तुळाकार दुमजली वास्तू असून मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे आणि सोळा रस्ते येऊन तिला मिळतात. त्या रस्त्यांवर सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या वेगवेगळ्या पेठा वाढल्या. पुण्यात मनोऱ्यातून दालने फुटतात, लातूरला गोलाईतून रस्ते. वाहनांची कोंडी आणि पथविक्रीचा पेच दोन्हीकडे सारखाच आहे. लातूर अजून पुण्याइतके पसरलेले नसल्याने तेथे रोजचे गिऱ्हाईक टिकवणे तुलनेने सोपे आहे.

मंडईपुढील प्रश्न

मंडई ही पुण्याच्या वारसा वास्तूंपैकी एक आहे आणि तिचे जतन व्हावे यावर दुमत नाही. दुमत आहे ते आत काय असावे यावर. मेट्रोमुळे परिसरातील जागांचे भाव वाढणार. कलावस्तूंची दालने आणि खाद्यगृहे यांना भाजीच्या ओट्यापेक्षा अधिक भाडे परवडते, आणि ती छायाचित्रांतही चांगली दिसतात. कॉव्हेंट गार्डनचा मार्ग घ्यायचा ठरवले तर मंडई गजबजेल. मेथीच्या जुड्या निवडत बसलेल्या बायका मात्र तेथे नसतील. सार्वजनिक खर्चाचा लाभ कोणाला, हा १८८० च्या सुमारास नगरपालिकेच्या सभेत विचारला गेलेला प्रश्न अशा वेळी पुन्हा विचारावा लागतो.

मंडई ही भाजीची मंडई म्हणूनच राखायची असेल, तर पहिले काम मनोऱ्याच्या रंगरंगोटीचे नाही. गुलटेकडीहून येणाऱ्या मालाची वाहतूक एकत्र आणि स्वस्त करणे, उरलेली भाजी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल अशी शीतपेटी ओट्यांना सामायिक देणे, विक्रेत्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी, घरी परतणाऱ्या मेट्रो प्रवाशांसाठी संध्याकाळी उशिरापर्यंत विक्री, आणि पेठांत राहणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढेल अशी बांधकाम नियमावली, अशा साध्या गोष्टींवर ते अवलंबून आहे. वाहनबंदीच्या वेळाही मंडईच्या घड्याळाप्रमाणे ठरवाव्या लागतील. मंडईचा दिवस पहाटे सुरू होतो. त्या वेळी टेम्पो ओट्यापर्यंत पोहोचला नाही, तर सकाळी नऊ वाजता रस्ता कितीही मोकळा असला तरी विकायला भाजी नसेल.